जुन्या डॅटसन २४० झेडला कॉइलओव्हर बसवताना स्ट्रटची नळी कापावी का? कापली तर किती?

खारपाणपट्टा
नमस्कार मंडळी. गाव दर्यापूर तालुक्यात. गाडी १९७२ ची डॅटसन २४० झेड. आमचे चुलत आजोबा नैरोबीत मोटार वर्कशॉपमध्ये होते. परत येताना ही गाडी त्यांनी बोटीनं मुंबईला आणली अन् तिथून चालवत गावी. ते गेल्यावर ती आमच्या वाड्यात बंडीच्या छपराखाली वीस-बावीस वर्षं उभी होती. इंजिनाचं काम मागच्या उन्हाळ्यात झालं. सहा सिलिंडरचं एल २४, २३९३ सीसी. सुरू झालं तेव्हा आजी ओसरीतून उठून बाहेर आली, इतकंच सांगतो.

आता सस्पेन्शन. पुढचे दोन्ही शॉकअप संपलेत, तेल स्ट्रटच्या नळीवरून ओघळून वाळलंय (स्ट्रट म्हणजे चाक धरणारा उभा खांब, त्याच्या नळीत शॉकअप बसतो). परदेशात असलेल्या मित्रानं एक कॉइलओव्हर संच पाठवला: आट्यांच्या चार बाह्या, ६४ मिमी आतल्या व्यासाच्या चार सरळ स्प्रिंगा (साडेतीन किलो प्रति मिमी) आणि चार आखूड काट्रिज (नळीत उतरवायचे तयार शॉकअप). पुढची काट्रिज जुन्यापेक्षा ५० मिमी आखूड आहेत. सोबत चिठ्ठी: "नळी ५० मिमी कापून वेल्ड करून घे."

अकोटचे मिस्त्री म्हणतात, कापू नका, काट्रिजखाली पाइपचा तुकडा टाका आणि नट आवळा. मित्र म्हणतो कापल्याशिवाय अर्थ नाही. ग्राइंडर माझ्या हातात आहे. नळी एकदा कापली की गेली, म्हणून आधी विचारतो.

बंडीचा_कणा
बाप्पा! दर्यापुरात २४० झेड! भाऊ, आधी फोटो टाका, मंग नळीचं पाहू.

खारपाणपट्टा
फोटो टाकले. पाठीमागं दिसते ती कपाशीची गंजी आहे, गाडीचा भाग नाही :)

घाटवळण
मी पुण्यात असतो, वर्षातून दोनदा कोइंबतूरच्या ट्रॅकवर गाडी नेतो. मित्राचं बरोबर आहे. कॉइलओव्हर कशासाठी घालतो आपण? गाडी खाली घ्यायला. नळी जुन्याच लांबीची ठेवून स्प्रिंग आखूड केली तर शॉकअपचा दांडा आधीच अर्धा आत गेलेला असतो. खड्डा आला की दांडा तळाला लागतो. त्या क्षणी स्प्रिंग-शॉकअप काही उरत नाही, सगळा मार थेट बॉडीवर. नळी ५० कापा, गाडी ५० खाली घ्या. विषय संपला.

पुसदचा_पाटा
घाटवळण दादा जे "तळाला लागतो" म्हणतात ते मी भोगलंय. कॉलेजात असताना मारुती ८०० च्या पुढच्या स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे कापले होते. ८०० ला पुढं हाच मॅकफर्सन स्ट्रट. गाडी दिसायला झकास. पुसद-दिग्रस रस्त्यावर तिसऱ्या महिन्यात उजवा स्ट्रट गळायला लागला, पाचव्या महिन्यात वरच्या माउंटचं (स्ट्रट बॉडीला जोडतो तिथलं) रबर फाटून दांडा बॉनेटखाली ठकठक करायला लागला. वडिलांनी किल्ली काढून घेतली ती वर्षभर.

लेथ_आणि_टिग
हिंगण्याला माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, जुन्या गाड्यांच्या नळ्या कापून जोडल्या आहेत. ८०० चा स्ट्रट बंद असतो, तो कापायचा नसतोच. या डॅटसनची नळी वरून उघडते, काट्रिज दाबून धरणारा वरचा ग्लँड नट काढला की काट्रिज बाहेर. म्हणून तिथं नळी आखूड करणं जमतं.

पण खारपाणपट्टा भाऊ, काम कसं करायचं ते नंतर सांगतो. आधी चार आकडे द्या. जुन्या काट्रिजचा पूर्ण स्ट्रोक (दांडा आत-बाहेर जाण्याचं अंतर), नव्याचा पूर्ण स्ट्रोक, गाडी मूळ उंचीवर उभी असताना नळीच्या वर दिसणारा दांडा, आणि ठोकरीच्या रबराची (दांडा तळाला आपटू नये म्हणून असतं ते) लांबी. याशिवाय जो "इतकं कापा" म्हणेल त्याचं ऐकू नका. माझंही नाही.

कापूस_ते_कार
भाऊ हे कॉइलओव्हर म्हन्जे नेमकं काय? मले वाटलं स्प्रिंग आधीपासूनच शॉकअपच्या वरतून असते.

लेथ_आणि_टिग
बरोबर वाटलं तुम्हाला. स्ट्रट असलेल्या गाडीत स्प्रिंग शॉकअपभोवतीच असते. फरक एवढाच की मूळ गाडीत स्प्रिंग टेकते ती खालची बशी नळीला कायमची वेल्ड केलेली असते. कॉइलओव्हर संचात बशीच्या जागी आट्यांची बाही येते आणि तिच्यावर फिरणारी कॉलर. कॉलर वर-खाली फिरवली की गाडीची उंची बदलते. स्प्रिंगही बारीक व्यासाची, सरळ.

आणि इथंच लोक गोंधळतात. उंची ठरवते कॉलर. दांड्याला किती जागा उरली हे ठरवते नळीची लांबी. ही दोन वेगळी कामं आहेत. कॉलरनं गाडी खाली घेता येते नळी न कापता, आणि नळी कापूनही गाडी जुन्याच उंचीवर ठेवता येते. दुसरं जास्त वाईट, आकडे आले की दाखवतो.

बंडीचा_कणा
आमच्या बंडीले ना कॉलर ना काट्रिज. धाव तापवून चाकावर चढवली का वीस वर्सं पायनं नाई. पटावर बैल धावले तं पोटातलं पानी हालते, पन तळाले कायी लागत नाई :)

संत्राबाग
मी मोर्शीची, आता पुण्यात एका वाहन कंपनीत सस्पेन्शनवरच काम करते. धागा बघून राहवलं नाही.

रस्त्याचं आधी बोलू. खारपाणपट्ट्यातली काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता दरवर्षी श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो. म्हणून तिथले रस्ते नुसते खड्ड्यांचे नसतात, लाटांचे असतात. लाटेवर गाडी गेली की चाक आधी वर दाबलं जातं आणि लगेच खाली लोंबतं. तुम्हाला दाबाची जागा लागते तशी लोंबण्याचीही लागते. ट्रॅकवर दुसरीची फारशी गरज पडत नाही, म्हणून घाटवळण यांचा सल्ला त्यांच्या जागी बरोबर आहे, दर्यापूरसाठी नाही.

गतिरोधक वेगळे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यात ते ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतात, १७ मीटर त्रिज्येचे. आपल्या गावांत एका रात्रीत मुरूम-डांबराचे जे होतात ते हातभरच रुंद, पण उंची नमुन्याइतकीच. ५० मिमी खाली घेतलेल्या गाडीचं पोट त्यांवर टेकणार.

घाटवळण
ताई, मान्य की रस्ता वेगळा. पण मग स्पोर्ट्‌स कारला कॉइलओव्हर घालायचेच कशाला? साधे शॉकअप टाका.

खारपाणपट्टा
साधे मिळत नाहीत म्हणून तर हा संच आला, दादा. मूळ व्यासाच्या स्प्रिंगांपैकी एक वेढ्यात तुटली आहे.

आज सकाळी मोजलं. पुढचं डावं चाक:
जुन्या काट्रिजचा स्ट्रोक १७० मिमी.
नव्याचा १४०. अंग ५० नं आखूड.
मूळ उंचीवर (आजोबांच्या वहीत चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप लिहिलेलं सापडलं, ठोकळे लावून तेवढी धरली) दांडा ९५ दिसतो.
ठोकर रबर ४०.

कापूस_ते_कार
आजोबाच्या वहीत माप! मानलं भाऊ.

लेथ_आणि_टिग
शाब्बास. आता हिशोब. चाक जितकं हलतं तितकाच जवळपास दांडा हलतो असं धरू. स्ट्रटमध्ये तो फरक थोडाच असतो.

मूळ गाडी: दांडा ९५ बाहेर, म्हणजे दाबाला ९५. त्यातून रबराचे ४० गेले की ५५ मोकळे. लोंबायला १७० वजा ९५, म्हणजे ७५.

मित्राचा बेत, नळी ५० कापली, गाडी ५० खाली: काट्रिजचं डोकं ५० खाली गेलं, वरचा माउंटही ५० खाली आला. दांडा पुन्हा ९५. दाब जुनाच, लोंबणं ४५. बेत चुकीचा नाही. गाडी मात्र ५० खाली, आणि पोटाचं ताईंनी सांगितलंच.

नळी ५०, कॉलरनं उंची मूळचीच: दांडा १४५ बाहेर लागेल. काट्रिजमध्ये तो १४० च आहे! म्हणजे पूर्ण ओढून ताणूनही ५ मिमी कमी. गाडी तितकी वर उभीच राहणार नाही आणि लोंबण्याला शून्य. प्रत्येक लाटेवर वरून "टण्ण". मघाशी जास्त वाईट म्हटलं ते हेच.

नळी न कापता खाली ५० चा तुकडा, पण गाडी ५० खाली: दांडा ४५, रबर ४०, उरले ५ मिमी. पुसदवाल्या भावाची ८०० हीच.

नळी न कापता ५० चा तुकडा, उंची मूळची: दांडा ९५, दाब मूळचा, लोंबणं ४५.

म्हणजे जितकी खाली घ्यायची तितकीच नळी कापायची. बाकी फरक तुकड्यानं भरायचा. तुमच्या अकोटच्या मिस्त्रींनी आकडा न मांडता हातावरून बरोबर सांगितलं होतं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

पुसदचा_पाटा
एवढं स्वच्छ कोणी मला वीस वर्षांपूर्वी सांगायला पाहिजे होतं.

संत्राबाग
लेथ भाऊंच्या हिशोबात दोन गोष्टींची भर घालते.

एक, स्प्रिंग सैल होणं. पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगवर येणारं वजन साधारण २३५ किलो धरा (अख्खी गाडी हजार-साडेदहाशे किलोची). साडेतीन किलो प्रति मिमीची स्प्रिंग उभ्या गाडीत ६७ मिमी दबते. चाक ६७ पेक्षा जास्त लोंबलं तर स्प्रिंग बशीतून सुटून खुळखुळते आणि परत बसताना तिरकी बसू शकते. लोंबणं ४५ असेल तर चिंता नाही. सात किलोची कडक स्प्रिंग घातली असती तर ती ३३-३४ च दबली असती आणि खाली मदतनीस स्प्रिंग घालावी लागली असती.

दोन, आर्मचा कोन. मॅकफर्सनमध्ये चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा आर्म बाहेरच्या टोकाकडं थोडा उतरता असावा. गाडी खाली घेतली की तो सपाट होतो, आणखी घेतली की उलटा चढतो. मग वळणावर गाडी खाली असूनही जास्त कलते, आणि लाटेवर स्टीअरिंग आपोआप ओढतं. यावर उपाय स्ट्रटच्या तळाशी आणि स्टीअरिंग आर्मच्या मध्ये जाड स्पेसर घालणं. नळी कितीही बरोबर कापली तरी हा दोष जात नाही, कारण तो उंचीचा आहे, नळीचा नाही.

घाटवळण
दुसरा मुद्दा माझ्याही गाडीत झाला होता आणि मी दोन महिने अलाइनमेंटवाल्याशी भांडत होतो. ताई, धन्यवाद. ५० चा हट्ट सोडला.

सफारीवेडा
राहवत नाही म्हणून विषयांतर. ही गाडी नैरोबीहून आली म्हणालात ना? ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली १९७१ मध्ये २४० झेडनं जिंकली, एडगर हरमान चालक. १९७३ मध्ये पुन्हा २४० झेड, चालक शेखर मेहता. युगांडात जन्मलेला आपला गुजराती माणूस. त्यानं ती रॅली पुढं १९७९ ते १९८२ सलग चार वेळा जिंकली, एकूण पाच.

आणि मजा बघा, केनियातही काळी माती आहे, तिथल्या इंग्रजीतही तिला "ब्लॅक कॉटन"च म्हणतात. पावसात तिथल्या गाड्या आपल्या ट्रॅक्टरसारख्याच फसायच्या. त्या मातीवर जिंकलेल्या झेड कुणी खाली घेतल्या नव्हत्या. उंच होत्या, स्ट्रटला भरपूर जागा होती. जगभर लोक हीच गाडी जमिनीला टेकवतात, पण तुमच्या गाडीचं कुळ वेगळं आहे.

खारपाणपट्टा
अंगावर काटा आला. आजोबांच्या ट्रंकेत रॅलीचा एक कापडी बिल्ला आहे, वर्ष पुसट झालंय. ते रस्त्याकडेला उभे असतील का, कोण जाणे. वडील म्हणतात, ते फक्त "मेहता साहेब" एवढं नाव घ्यायचे. मला कधी कळलं नव्हतं कोण.

बंडीचा_कणा
पायलं? माती मातीले वळखते.

कागदपत्रं
गंमत बाजूला ठेवून एक सावधगिरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. शिवाय गाडी ५० वर्षांची झाली आहे. २०२१ च्या नियमांनी तिला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते: 'व्हीए' मालिकेची पाटी, पहिल्यांदा २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००, मुदत १० वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको. आणि ती नोंदणी घेतली की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांना.

काहीही कापण्याआधी आरटीओत लेखी विचारा. मूळ सुटे भाग तेल लावून जपून ठेवा, तुटलेली स्प्रिंगसुद्धा.

पुसदचा_पाटा
पण कॉइलओव्हरच्या बाहीसाठी मूळ बशी ग्राइंडरनं कापावीच लागते ना? मग मूळपण तिथंच गेलं. नळी कापली काय, न कापली काय.

लेथ_आणि_टिग
प्रश्न रास्त आहे. बशी कापावी लागते हे खरं. पण बशी बाहेरून लावलेली आहे. नळीच्या तळापासून तिची उंची मोजून लिहून ठेवली, बशी नीट सोडवून काढली, तर उद्या तिथंच पुन्हा वेल्ड करता येते. नळीचं तसं नाही. स्ट्रटची नळी वाकण्याचा जोर घेते, ब्रेक मारला की सगळा भार तिच्यावर. तिच्यात एक जोड आला तर चांगला करता येतो. लांबी परत आणायला दुसरा जोड घालायचा म्हटलं तर मी ते काम घेणार नाही.

ज्यांना खरंच गाडी खाली घ्यायची आहे त्यांच्यासाठी पद्धत लिहून ठेवतो, पुढं कुणी हा धागा शोधत येईल.

काट्रिज आणि तेल आधी बाहेर. गॅस भरलेलं काट्रिज आत ठेवून वेल्डिंग करणाऱ्यापासून लांब पळा, ते फुटतं. नळी आतून धुवा, नाहीतर तेल जळून जोडात भोकं पडतात. वरच्या आट्या ठेवायच्या असतात म्हणून तुकडा मधून काढायचा. कापण्याआधी नळीवर वरपासून खालपर्यंत सरळ रेघ कोरा, जोडताना दोन्ही तुकडे त्या रेघेवर जुळवायला. कट लेथवर. ग्राइंडरनं डोळ्यानं काटकोन येत नाही. दोन्ही कडांना व्ही घाला, नळी अँगलच्या खोबणीत आडवी ठेवून चार ठिकाणी टाके मारा, मग समोरासमोर थोडं-थोडं भरत जा. एका दमात गोल फिरलात की नळी वाकते. टिग (आर्गॉन वायूतलं वेल्डिंग) असेल तर उत्तम. आर्क असेल तर सुकवलेली ७०१८ ची कांडी, दुकानात पहिली हातात येते ती ६०१३ नको. आतून बाही घालता येत नाही कारण काट्रिज जायचं असतं, म्हणून बाहेरून बाही. गार होऊ द्या, पाणी ओतू नका. मग काट्रिज हातानं सरकून तळाला गेलं पाहिजे. हातोडी लागली तर नळी अंडाकृती झाली आहे.

आणि ब्रेकच्या नळीचा क्लिप स्ट्रटच्या नळीवर असतो. तो कापलेल्या तुकड्यासोबत भंगारात गेला तर संध्याकाळी आठवतं.

शकुंतलेचा_फिटर
माझे वडील मूर्तिजापूरला नॅरोगेजच्या शेडात फिटर होते. शकुंतला ही नॅरोगेज आगगाडी मूर्तिजापूरहून अचलपूरला जायची ती दर्यापूरवरूनच, स्टेशनाचं नाव बनोसा. खारपाणपट्टा भाऊंना माहीत असेलच. वडील म्हणायचे, लोखंडाला एका बाजूनं ऊब दिली की ते त्या बाजूला तोंड करतं. लेथ भाऊंनी "समोरासमोर भरा" लिहिलं ते वाचून त्यांचा आवाज ऐकू आला. आता ना ते आहेत, ना ती गाडी रुळावर.

खारपाणपट्टा
बनोसा स्टेशनावरच लहानपण गेलं, भाऊ. इंजिन बघायला शाळा बुडवायचो.

निर्णय सांगतो. नळी कापत नाही. २० मिमी खाली घेतो, कारण मूळ उंचीवर पुढून गाडी जरा नाक वर करून दिसते आणि आर्म अजून उतरताच राहतो. तुकडा ५० चा. मग दांडा ७५ बाहेर, लोंबणं ६५. लेथ भाऊ, ताई, चुकत असेल तर थांबवा.

संत्राबाग
लोंबणं ६५ आणि स्प्रिंग ६७ दबलेली, म्हणजे स्प्रिंग शेवटपर्यंत धरलेली राहते. जुळून आलंय. फक्त ७५ मधून ४० चं रबर गेलं तर ३५ च उरतात. मूळ ५५ होते. २५ मिमीची ठोकर घाला, चांगल्या फोमची, मग ५० मोकळे मिळतात. स्प्रिंग मूळपेक्षा कडक आहे, त्यामुळं तेवढे पुरतील असं मला वाटतं. पण वाटण्यावर जाऊ नका, दांड्यावर रबरी रिंग चढवून बघा. गाडी उभी असताना ती नळीच्या टोकाला टेकवायची, फिरून आल्यावर किती वर सरकली ते मोजायचं.

आणि बसवण्याआधी एकदा स्प्रिंग न घालता स्ट्रट जोडा, जॅकनं चाक हळूहळू वर न्या. शॉकअपला जागा असली तरी टायर मडगार्डला आधी लागत नाही ना ते बघा. स्टीअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून.

लेथ_आणि_टिग
तुकड्याबद्दल. नुसता पाइप कापून टाकू नका. लेथवर दोन्ही तोंडं सपाट करून घ्या, वरून काट्रिजचा तळ मध्यावर बसेल अशी खाच. सैल राहिलं तर आत खडखडेल. नळीत थोडं इंजिन ऑइल टाका, काट्रिजची उष्णता बाहेर जायला. काठोकाठ नको, तापल्यावर फुगायला जागा पाहिजे. ग्लँड नट आवळल्यावर नट आणि नळीच्या कडेत मिलिमीटर-दीड मिलिमीटर फट दिसली पाहिजे. फट नसेल तर नट नळीवर बसलाय, काट्रिजवर नाही.

घाटवळण
दर्यापूरला यायचं झालं तर काय खायला घालाल ते आधी सांगा.

खारपाणपट्टा
पौषात या. रोडगे, वांग्याची भाजी, शेतातच. गाडीत बसवून अकोटला नेतो.

कापूस_ते_कार
भाऊ पंधरा दिवस झाले. काय झालं मंग?

खारपाणपट्टा
कापूस वेचणीत अडकलो होतो, मजूर मिळेना. काल झालं.

पुढचे दोन्ही बसले. तुकडे अकोटच्या मिस्त्रींनीच त्यांच्या लेथवर काढले. लेथ भाऊंचा नमस्कार सांगितला तर म्हातारा लाजला. पहिल्या खेपेला उजव्या बाजूला नटाखाली फट नव्हती, तुकडा दोन मिमी कमी भरला होता. नुसतं आवळून गेलो असतो तर कळलंच नसतं. दुसरा काढला, आता सव्वा मिमी फट दिसते. आरटीओत अर्ज टाकलाय, उत्तर यायचं आहे, म्हणून सध्या गावाच्या शिवारातल्या रस्त्यावरच फिरवली. स्प्रिंगशिवाय जॅक लावून पाहिलं, टायर कुठं लागत नाही, उजवीकडं पूर्ण वळवल्यावर आतल्या पत्र्यापासून बोटभर अंतर राहते.

रबरी रिंग लाटांवर ३१ मिमी सरकली. शाळेसमोरच्या गतिरोधकावर मुद्दाम नेहमीच्या वेगानं नेली, तिथं ४६. म्हणजे ठोकरीला चार मिमी बाकी. आवाज नाही, टण्ण नाही, पोट टेकलं नाही. वडील शेजारी बसले होते, काही बोलले नाहीत, उतरताना डॅशबोर्डवरून हात फिरवला.

संत्राबाग
४६! फार छान. आता दोघं बसून, मागं सामान ठेवून एकदा मोजा.

पुसदचा_पाटा
चार मिमी बाकी वाचून मलाच बरं वाटलं.

लेथ_आणि_टिग
मागच्या चाकांचं काय? मागची नळी पुढच्यापेक्षा लांब असते, पुढचा तुकडा तिथं चालणार नाही. पुन्हा तेच चार आकडे द्या.

खारपाणपट्टा
मागचं उजवं आज संध्याकाळी खोललं. जुन्याचा ग्लँड नट गंजून बसलाय, डिझेल टाकून रात्रभर ठेवलाय. सकाळी निघाला तर आकडे टाकतो.